आश्रुबाच्या हातचं कुंकू

माजलगावात मोंढ्याच्या रस्त्याला राधाकिशन मालकांचं साउंडचं दुकान आहे आणि त्या दुकानात गेली सोळा वर्षं आश्रुबा काउंटरला उभा आहे. दुकान मालकाचं असलं तरी गिऱ्हाईक पायरी चढताना विचारतं ते आश्रुबाला. त्याच्या आई-बापाचा जन्म उसाच्या फडात गेला. हा मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पंख्याखाली उभा राहतो. त्या शर्टाचा त्याला फार अभिमान, आणि असायला हरकतही नव्हती.

त्याची आणखी एक ख्याती होती. नवी माईक-स्पीकरची मशीन खोक्यातून काढून, चालवून दाखवली की तो काउंटरखालून ताटली काढायचा, बोट ओलं करून कुंकवात बुडवायचा आणि स्पीकरच्या जाळीवर स्वस्तिक काढायचा. मग नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. आश्रुबाचा हात लागला की मशीन दगा देत नाही, असं केजपासून पाटोद्यापर्यंत लोक म्हणायचे. ही रीत त्यानं आपल्या मनानं सुरू केली होती, भाबडेपणानं. म्हणूनच पुढचं सांगताना जीव कचरतो.

दोन वर्षांपूर्वी लोक मोबाइलवरून सामान मागवायला लागले. तिथं म्हणे न आवडलेलं परत पाठवता येतं. मालकांनी लगेच शटरवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं, ‘पसंत नाही? सात दिवसांत परत!’ आणि बिलाच्या पाठीमागं भिंगातून दिसतील एवढ्या अक्षरांत छापून घेतलं की, वापराची खूण असलेला माल परत घेताना पंचवीस टक्के पुनर्मांडणी खर्च कापला जाईल. बिलं छापून आली त्या दिवशी मालक हसत हसत म्हणाले, "आश्रुबा, आता पूजा केल्याबिगर एक बी मशीन भाईर सोडू नको."

आश्रुबा काही कुक्कुलं बाळ नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात आलं. परत आलेल्या प्रत्येक मशीनवर कुंकू असायचं. मालक जाळीवर बोट ठेवून म्हणायचे, "ही बघा खून. वापरल्याली हाय." पैसे कापले जायचे, गिऱ्हाईक कुरकुरत जायचं आणि आश्रुबा मागच्या खोलीत स्पिरिटचा बोळा घेऊन बसायचा. पाच मिनिटांत जाळी कोरी व्हायची आणि मशीन नव्याच्या भावानं पुन्हा मांडणीवर जायची. एवढा तो पुनर्मांडणी खर्च. आपण तर देवाचं नाव घेतो, कापतात ते मालक, अशी आश्रुबानं मनाची समजूत घातली होती. दोन वर्षं ती बरी टिकली.

मग युसूफ वडगावहून सत्यशीलाअक्का आल्या. अकरा बायांचं भजनी मंडळ त्या चालवतात. यंदाच्या सप्त्यात बायांना पहिल्यांदाच मांडवात एक दिवस भजनाची पाळी मिळाली होती. पुरुष मंडळी बायांचा आवाज मागपर्यंत पोचत नाही म्हणून हसतात, तेव्हा आपला साउंड घ्यायचा असं बायांनी ठरवलं. खुरपणीच्या मजुरीतून थोडं थोडं साठवलं. जवळचं केज सोडून त्या इतक्या लांब आल्या होत्या, कारण अक्कांच्या जावयानं फोनवर त्या शटरचा फोटो दाखवला होता. आश्रुबानं त्यांना दोन माईकची मोठी मशीन दिली, कुंकू लावलं आणि म्हणाला, "न्हाई आवडली तर आना माघारी, अक्का. तुमचंच दुकान हाय."

चौथ्या दिवशी जीप करून त्या मशीन घेऊन आल्या. सोबत वनमाला होती, मंडळातली टाळ वाजवणारी. मशीन डीजेवाल्यांच्या कामाची, तिचा सगळा जोर धमधमीवर. बायांचे बारीक आवाज त्यात बुडून जात होते.

"तिला तिचाच आवाज लई आवडतोय, भाऊ," अक्का म्हणाल्या. "आमचा ऐकूच येईना. दुसरी द्या."

मालक उठले, जाळीवर बोट ठेवलं, बिल उलटं केलं आणि पंचवीस टक्के सांगितले. उरलेल्या पैशात भजनाजोगी दुसरी दोन माईकवाली बसत नव्हती. एका माईकची लहान मशीन मिळाली असती, आणि अकरा जणींनी एका माईकभोवती गर्दी करायची.

अक्का कुंकवाकडं बघत राहिल्या. आश्रुबाला वाटलं, आता त्या आपल्याकडं बोट दाखवणार. त्यानं मान खाली घातली. पण अक्का वळल्या त्या वनमालाकडं.

"तुला सांगितलं व्हतं, आरती कर, पर मशीनला आपलं कुंकू लावू नको. लावलंस ना?"

"आधी दुकानातलं व्हतंच की थोडं. म्या त्याच्यावरच लावलं," वनमाला म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "माझ्याच हातानं वाटोळं झालं, अक्का. आता बायांना काय सांगायचं?"

"चुकी आमचीच हाय, मालक," अक्का म्हणाल्या. "द्या एका माईकची."

 खरं सांगायला आश्रुबाला तीन शब्द पुरले असते. पण मालक समोर होते आणि घरी संसार होता. त्यानं लहान मशीन काढली, चालवून दाखवली. वनमाला पदरानं डोळे पुसत होती. 

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "भाऊ, हिला बी तुमीच कुंकू लावा. आमच्या हाताला यश न्हाई. तुमच्या हाताला हाय म्हनत्यात."

मालकांनी स्वतः ताटली पुढं सरकवली. आश्रुबानं सवयीनं बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि जाळीपाशी नेलं. तिथं ते थांबलं.

"न्हाई लावत, अक्का."

"कावून?"

"लावलं की माल परत घेताना पैसे कापत्यात. त्याच्यासाठीच लावायचं असतंय. वनमालाताईची काय चुकी न्हाई. पहिलं कुंकू म्या लावलं. तुमी गेल्यावर म्याच ते पुसतो, मग मशीन नवी म्हनून इकत्यात."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी माना वर केल्या. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग ते मोठ्यानं हसले. "आवो, तो गंमत करतोय! अक्का, दुसरी दोन माईकवाली घेऊन जा. एक पैसा कापत न्हाई." त्यांनी घाईघाईनं ती काढूनही दिली.

अक्कांनी मालकांकडं बघितलंसुद्धा नाही. त्या आश्रुबाकडं बघत होत्या, आणि त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मालकाचं समजतंय मला. त्यो दुकानदार हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी कावून लावलं, भाऊ?"

आश्रुबाला बोटाचं कुंकू कुठं पुसावं ते सुचेना, ते त्यानं तसंच शर्टाला पुसलं. पांढऱ्या शर्टावर लांब लाल फराटा उठला. नोकरीचं काय व्हायचं ते संध्याकाळी होणारच होतं, पण त्या घडीला त्याच्या मनात नोकरी नव्हती. काहीतरी करायला हवं म्हणून तो खोकं उचलून जीपपर्यंत न्यायला वाकला.

वनमाला पुढं झाली. तिनं एक बाजू धरली, अक्कांनी दुसरी.

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "तुमचा हात नका लावू."