धुतलेले जोडे

नगरला सावेडीतल्या आमच्या इमारतीखाली माझ्या क्लासची पाटी आहे. पाटी रंगवणाऱ्यानं 'बॅले' या शब्दाखाली स्वतःच्या मनानं घुंगरांचं चित्र काढून ठेवलंय. मी ते पुसायला लावलं नाही, कारण घुंगरू बघून निदान आया चौकशीला तरी येतात. "म्हणजे नेमकं काय शिकवता, मॅडम?" मी सांगते. त्या मान डोलावतात आणि विचारतात, "पण गॅदरिंगच्या आत एखादं गाणं बसवून द्याल ना?" देते. काय करणार? खुर्चीत बसून बसवते, कारण उजव्या घोट्यात आता स्क्रू आहेत. पोरी टाचा उचलतात, कलंडतात, फिदीफिदी हसतात. मला खुर्ची उचलून आरशावर फेकावीशी वाटते. मग मी म्हणते, "छान, पुन्हा एकदा."

कोल्हारची पोरगी बॅलेत कशी गेली, असं सगळे विचारतात. मुंबईला मावशीकडे कॉलेजला होते. शेजारच्या एका सभागृहात बॅलेचा वर्ग चालायचा, दार उघडं असायचं आणि मी दारातून हलले नाही, एवढंच. वडील वारेपर्यंत ते गावात 'पोरगी हापिसात हाय' असं सांगत राहिले. घरात माझ्या नाचाचा विषय निघाला की ते ताटावरून उठायचे. त्यामुळे आईही कधी विचारत नसे.

त्या जगाची एक रीत होती. दुखणं सांगायचं नाही. आमच्या बाई म्हणायच्या, रक्त आलं तर ते बुटात राहू द्या, चेहऱ्यावर येऊ देऊ नका. नखं काळी पडून गळायची, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून आम्ही हसत बाहेर यायचो. उपाशी राहायचं तेही हसत. एवढं करून नाचायचो कुठं? बड्या लोकांच्या लग्नांत, पाठीला पंख लावून, मागच्या रांगेत. समोर लोक पनीर खात असायचे. आमच्यापैकी एकीला कुणीतरी रिकामी प्लेटसुद्धा दिली होती. तिनं ती हसतच घेतली आणि आत नेऊन ठेवली.

तरीही सांगते, मला दुसरं काही नको होतं. बुटाच्या टोकावर, नुसत्या बोटांवर पूर्ण उभं राहिलं, कंबर, गुडघा, घोटा एका रेषेत आला, की क्षणभर वजन जातं. आपण कुणाची लेक नाही, कुठल्या गावच्या नाही, बाई नाही, पुरुष नाही. त्या क्षणासाठी मी पाय मोडून घेतले. पुन्हा घेईन. पण आता मोडायला पाय कुठून आणू?

वडील गेल्यावर आई पहिल्यांदा म्हणाली, "येकदा बगू दे की मला, काय करतीस ते." मी मोबाईलवर दाखवलं. पडद्यावर सारख्या कपड्यांतल्या, सारख्या अंबाड्यांच्या पोरी. आईनं चष्मा वर-खाली केला. "ह्यातली तू कंची?" मी बोट ठेवलं. तिला ते पटलं नाही. मग घरातच थोडं करून दाखवलं, अनवाणी, उड्या मारून. ती जन्मभर शेतात राबलेली बाई. तिनं गंभीरपणे विचारलं, "सारकी वर वर जायला बगतीस. जिमिनीनं काय घोडं मारलंय गं तुजं?"

त्यानंतर घोट्यानं दगा दिला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं की कूर्चा झिजून संपलीय, हाडं एकमेकांना सांधून टाकावी लागतील. चालता येईल. टोकावर उभं राहणं मात्र विसरा. मी ऑपरेशन थोडं पुढं ढकलायला लावलं. नगरच्या एका महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मला एकटीला नाच करायचा होता. मागच्या रांगेत नाही, एकटीला. आईनं एकदाच बघावं, खरं बघावं, आणि तिला समजावं की मी घर सोडून काय करत होते. मग घोटा गेला तरी चालेल, असं मी खरोखर ठरवलं होतं.

मंडळाच्या बाईंना एकच शंका होती. "चपला घालूनच नाचणार? रंगमंचावर नटराजाची पूजा असते हो." मी म्हटलं, त्या चपला नव्हेत, माझे घुंगरूच समजा. हा किस्सा मी आईला हसत हसत सांगितला. ती हसली नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती कोल्हारहून एसटीनं माझ्या नगरच्या घरी आली. येताना भाकरी, ठेचा, पेरूची पिशवी. चहा पिता पिता ती माझ्याकडे बघत होती. मी पायाला पट्ट्या बांधत होते. आजवर तिनं माझी बोटं उघडी पाहिली नव्हती. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि बोटांवरून हात फिरवला. मग शेजारचा बूट उचलून त्याचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. "ह्यो दगुड घालतीस व्हय पायात?" मी म्हटलं, सवय झालीय. त्या दिवशी तिनं अर्धीच भाकरी खाल्ली.

या बुटांचं टोक लाकडाचं असतं असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. कापडाचे थर, जाड कागद आणि खळ. ते वाळून कडक होतं आणि त्या कडकपणावर आख्खी बाई उभी राहते. नवा जोड पायाजोगा व्हायला वेळ लागतो, आणि तो नगरच्या बाजारात मिळत नाही. माझ्याकडे चांगला असा एकच जोड उरला होता. तो मी या कार्यक्रमासाठी जपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभागृहात जमीन बघायला गेले. फरशी निसरडी होती. राळेची पूड टाकून घासली, पडदेवाल्याशी वाद घातला, दुपारी घरी आले. गॅलरीत दोरीवर माझे बूट वाळत होते. फितींना चिमटे लावलेले, टोकांतून पाणी ठिबकत होतं.

आई पदराला हात पुसत पुढं आली. इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. "लई मळले हुते. द्येवाम्होरं जायाचं, आन् तसंच न्यायाचं? कोमट पान्यात भिजवले. खळ तर बाई किती हुती! नव्या लुगड्याला नसती येवडी. समदी काडली. आता बग कसे मऊ झाल्यात. आता न्हाई टोचायचे तुला."

मी बूट हातात घेतला. ओल्या पोळीसारखा तो बोटांत दुमडला.

माझा स्वभाव तापट आहे. याहून क्षुल्लक गोष्टींवरून मी माणसं तोडली आहेत. शब्द ओठांवर आले होते, आणि ते बाहेर पडले असते तर आई जन्मात सावरली नसती. तिच्या हातांना अजून साबणाचा वास होता. आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, "ओले आहेत थोडे, वाळवते." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. केस वाळवायचं यंत्र लावलं. इस्त्री फिरवली, साटीन करपलं. शेजारच्या पोरांच्या चित्रकलेचा डिंक आणून आत ओतला. तो चिकट राहिला, कडक झाला नाही. देवा, असं मी म्हणाले. मी देव मानत नाही, पण त्या दुपारी त्याच्या हातापाया पडले. कार्यक्रम चारला होता.

तेच बूट घालून गेले. पूजा झाली, नारळ फुटला, पडदा सरकला. आई पहिल्या रांगेत, इरकली नेसून, हात जोडून बसलेली. मी सगळा नाच खालच्या खाली केला. हात होते, मान होती, वळणं होती, फक्त वर जाणं नव्हतं. शेवटाकडे मला राहवलं नाही. सूर चढला, आणि मी शरीराला सांगितलं, एकदाच. मी टोकावर चढायला गेले. डावं टोक मुडपलं, भार उजव्यावर आला, घोट्यात काहीतरी फाटलं. मी खाली बसले, हात पसरले आणि चेहऱ्यावर हसू ठेवलं. लोकांना वाटलं नाच असाच संपतो. खूप टाळ्या पडल्या.

आत आई आली ती डोळे पुसत. माझ्यापुढे जमिनीवर बसली, फिती सोडल्या, बूट काढले. सुजणाऱ्या घोट्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती एकेक बोट तपासत होती. "रगत न्हाई आलं," ती म्हणाली. "आज न्हाई दुखलं ना?"

"नाही," मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात हाडं सांधली. कोल्हारला आई सगळ्यांना सांगते की लेकीचा नाच मी डोळ्यांनी पाहिलाय, किती सोपा, किती शांत असतो. तो माझा नाच नव्हता, हे तिला कळणार नाही, आणि माझा खरा नाच आता कुणालाच बघता येणार नाही. परवा तिचा फोन आला. पाय बरा झाला का, परत कधी नाचणार, असं विचारत होती. मी म्हटलं, बघू.

"म्होरच्या बारीला जोडे आदी माज्याकडं दी," ती म्हणाली. "आदुगरच धुऊन ठिवीन."

"देते," मी म्हटलं.