रेसचं इंजिन, मोसंबीची बाग

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटल्यावर जालन्यात मस्तगड भागातल्या एका गॅरेजमध्ये काम करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. वडील भोकरदनकडे मेंढरं राखतात. चार लोकांनी वाचावं असं काही लिहायचा मला अधिकार आहे का, हे अजूनही नक्की कळत नाही. पण आमच्या लाइनीतल्या गॅरेजवाल्यांमध्ये एक गोष्ट फिरते, की कॉलेजच्या पोराने शहाणपणा केला आणि जमलेला सौदा मोडला. तो पोरगा मी. सौदा मी मोडलेला नाही. म्हणून लिहितो.

एमआयडीसीतल्या एका गोडाऊनसमोर आम्ही उभे होतो. आमच्यापुढे लाल रंगाची जुनी क्वाड बाइक होती. क्वाड बाइक म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल आणि सीट, पण खाली चार जाड टायर. रस्त्यावर चालवायला तिला पासिंग मिळत नाही. ती शेतात, मातीत चालते.

घेणार होत्या सुमनकाकू. भोकरदनकडे त्यांची मोसंबीची बाग आहे. नवरा गेल्यावर ती त्यांनीच वाढवली. मग अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवला, पण काळ्या जमिनीत कुबडी रुतते, त्यामुळे बागेत फिरणं बंद झालं. या हंगामात त्या स्वतः बागेत उतरल्या नाहीत, तर बाग त्यांचे दीर अंबादासराव बघणार, असं घरात ठरलं होतं. एकदा त्यांच्या हातात गेलेली बाग परत मिळणार नाही, हे काकूंना माहीत होतं. ही क्वाड त्यांना चालवता येणार होती, कारण गिअर डाव्या पायात होता आणि ब्रेक हातातही होता.

विकणारे विकीशेठ आमच्या उस्तादांचं जुनं गिऱ्हाईक. उस्ताद म्हणजे आमचे गॅरेजमालक. गाडी तपासायला त्यांनी मला बरोबर नेलं होतं.

विकीशेठनी किल्ली फिरवली आणि समोरच्या मिलने टाकलेल्या राखेच्या ढिगावर गाडी सरळ चढवून दाखवली. आवाज असा, की मिलमधले कामगार बाहेर आले.

"वहिनी, ही तुम्हाला फेकून देईल," बरोबर आलेले अंबादासराव म्हणाले.

"म्हशीनं फेकलं न्हाई आजवर, ही काय फेकती?" काकू म्हणाल्या.

मी प्लग काढला आणि कॉम्प्रेशन गेज लावला. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला की हवा बोटाला ढकलते. इंजिनात पिस्टन तेच करतो, पेट्रोल आणि हवा दाबतो. किती दाबतो ते गेज सांगतो. या गाडीचा काटा जिथे थांबायला हवा, त्याच्या बराच पुढे गेला.

उस्ताद माझ्या कानाशी आले. "बराबर हाय म्हन आन चल जल्दी."

"उस्ताद, बराबर न्हाई."

हे मी हळूच बोललो होतो, पण विकीशेठना ऐकू गेलं. "अरे, हाय कॉम्प्रेशन इंजिन हाय ते! पुण्याहून मॉडिफाय करून आणलंय. रेसमधी उतरवायची होती. कळतं का काही, इंजिनिअर साहेब?"

कळत होतं. पिस्टन डोक्यावर फुगीर बसवला, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण घासून खाली आणलं, की दाब वाढतो. ताकद वाढते, तशी उष्णताही वाढते. अशा इंजिनाला महागातलं पेट्रोल लागतं. साधं भरलं तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच पेट घेतं आणि आतून ठोके मारतं. त्याला नॉकिंग म्हणतात. काकूंच्या गावाजवळच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळतं.

हे सगळं मला बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "काकू, तुम्ही बागेत गाडी कशी चालवणार?"

"कशी म्हंजे? झाडापाशी थांबायचं, बंद करायची. फळ बघायचं, पाला बघायचा. चालू करून म्होरल्या झाडाला जायचं. मागं दोन क्रेट."

"मग तशीच चालवून बघू."

"ही गाडी अशी चालवायला न्हाई बनवली," विकीशेठ म्हणाले.

"पण काकू तशीच चालवणार आहेत, शेठ."

उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या दिवशी कामावर यावं की नाही हा प्रश्नच पडावा. मी टाकीतलं पेट्रोल काढलं, आमच्या कॅनमधलं साधं पेट्रोल भरलं. क्रेटमध्ये लोखंडाचे तुकडे टाकले आणि मागच्या कॅरिअरवर बांधले. पहिल्या गिअरमध्ये गोडाऊनला फेऱ्या सुरू केल्या. थोडं जायचं, थांबायचं, बंद, चालू.

सुरुवातीला गाडी शहाण्यासारखी वागली. मग डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. आणखी काही थांबे झाले आणि स्टार्टर जड झाला. शेवटी "कर्र... टक्" झालं आणि गाडी उभी राहिली. तापलेल्या इंजिनातला दाब स्टार्टरला फिरवता येईना.

"ऊन लई हाय आज," विकीशेठ म्हणाले.

"काकूंच्या बागेत पण ऊनच असतं, शेठ."

सगळ्यात खूश झाले अंबादासराव. "झालं का समाधान? चला वहिनी. पोरगं खरं बोललं. आता बाग मी बघतो, तुम्ही घरी आराम करा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या खरेपणाचा उपयोग कोण करून राह्यलंय. मी इंजिनाबद्दल बोललो होतो. त्यांनी तो निकाल काकूंवर लावला होता.

काकू जागच्या हलल्या नाहीत. "पोरा, गाडी वाईट हाय का इंजिन?"

"गाडी चांगली आहे. चेसिस सरळ आहे, चाकं, ब्रेक चांगले आहेत. इंजिन दुसऱ्या कामासाठी बनवलंय."

"मंग माझ्या कामाचं कर."

"करता येईल. मूळ मापाचा पिस्टन टाकायचा, हेडखाली जाड गॅस्केट, म्हणजे मधला पत्रा, द्यायचं. दाब खाली येईल."

"आपन रेसचं इंजिन खोलत न्हाई," उस्ताद मधेच म्हणाले. "उद्या काही झालं तर जिम्मा कोन घेनार?"

"मी घेतो."

"तू? गॅरेजला नाव माझं हाय."

"मग गॅरेजमध्ये नाही खोलत. सुट्टीच्या दिवशी काकूंच्या गोठ्यात खोलतो."

उस्तादांसमोर मी असं कधी बोललो नव्हतो. पण शब्द मागे घेतला नाही. विकीशेठ म्हणाले, "एवढं भारी इंजिन आणि त्याला म्हातारं करून टाकता!" काकू म्हणाल्या, "म्हातारं न्हाई, घरचं करून राह्यलो." सौदा तिथेच झाला. पिस्टनच्या खर्चामुळे भाव मात्र विकीशेठना खाली आणावा लागला. त्याचा राग अजूनही माझ्यावर आहे. सौदा मोडल्याची गोष्ट तिथूनच निघाली असावी.

गाडीचा मूळ पिस्टन पुण्यातच राहिला होता. नवा मागवावा लागला. तो आल्यावर मी निघालो, तेव्हा उस्तादांनी टॉर्क रेंच माझ्या पिशवीत टाकला. बोल्ट नेमका किती आवळायचा हे ठरवून देणाऱ्या त्या पान्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत.

काकूंच्या गोठ्यात मी इंजिन खोललं. अंबादासराव बाजेवर बसून होते.

"मेंढरं सोडून पोरगं इंजिन हाकायला आलं," ते आलेल्या-गेलेल्याला सांगत होते.

"मेंढरं हाकायला जास्त अक्कल लागते, काका," मी म्हटलं. "इंजिन निदान जागेवर तरी राहतं."

काकू इतक्या जोरात हसल्या, की दावणीची म्हैस उठून उभी राहिली.

नवा पिस्टन बसवला. हेडखाली तांब्याचं जाड गॅस्केट दिलं, कारण हेड घासलेलं होतं आणि ती उणीव भरून काढायला हवी होती. सगळं आवळून पुन्हा गेज लावला. काटा जागेवर थांबला. गाडी आता ढिगावर उडी मारणार नव्हती, पण साध्या पेट्रोलवर, झाडाझाडाशी थांबत, भर उन्हात चालू-बंद होत होती. काकूंनी पदर खोचला, कृत्रिम पाय हाताने उचलून फूटरेस्टवर ठेवला आणि मला न विचारता पहिल्या ओळीत शिरल्या. मी पाहत होतो तोवर त्या परत आल्या नाहीत. माझी शेवटची बस होती, म्हणून निघालो.

त्यानंतर परीक्षा आल्या. हंगामही सुरू झाला. काकूंकडून काहीच निरोप आला नाही. बसवलेलं गॅस्केट टिकलं की फुटलं, हे मला माहीत नव्हतं. फोन करावासा वाटायचा, पण गाडी बंद पडली असेल तर बाग कुणाकडे गेली हेही विचारावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली नाही. गॅरेजमध्ये गिऱ्हाईकं टोमणे मारत होती आणि उस्ताद कुणाला थांबवत नव्हते.

या सगळ्यातून धंद्याचं एकच शिकलो. जुनी गाडी बघताना विकणाऱ्याला ती त्याच्या पद्धतीने चालवू देऊ नये. घेणाऱ्याच्या रोजच्या कामासारखी चालवावी. विकणारा रागावला तर समजावं, की तपासणी बरोबर चालली आहे.

मागच्या आठवड्यात त्या भागातून मोसंबी आणणारा एक टेम्पोवाला क्लचचं काम घेऊन आला. मी टेम्पोखाली शिरलो आणि तिथूनच, त्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर करून, काकूंबद्दल विचारलं.

"सुमनकाकू? त्यांचाच माल मोंढ्याच्या बाजारात टाकून आल्तो सकाळी. बागेतच आसतेत दिवसभर. गाडीला कुणाला हात लावू देत न्हाईत. दीर म्हनला, वहिनी, मला बी एक चक्कर मारू द्या. तर म्हनल्या, चालवायला न्हाई भेटायची. यायचं आसंल तर मागं क्रेटवर बसा."

"मग?"

"मंग काय. बसला."