अक्काताईवहिनीचा अबोला

आमच्या अक्काताईवहिनीला अख्खं वडगाव आवाजावरनं ओळखायचं. नंदगडाकडच्या शेतकऱ्याची पोरगी. लगीन होऊन आली तवा मागाला लागणारी सुताची कांडी कशी भरायची तेबी तिला म्हाईत नव्हतं. सुबरावअण्णानं, म्हंजे माझ्या थोरल्या भावानं, तिला मागावर बसवलं. पुढं दोघं शेजारशेजारच्या मागांवर साड्या विणायची, आणि आजूबाजूच्या पॉवरलूमच्या खडखडाटातनंबी तिचं अण्णाशी भांडण माझ्या गल्लीपर्यंत ऐकू यायचं.

अण्णा उन्हाळ्यात गेला. अटॅक आला, दवाखान्यात न्यायलाबी वेळ मिळाला न्हाय. तवापासनं वहिनी गप्प. रडणं न्हाय, बोलणं न्हाय. दोन घास कसंबसं गिळायची, पार वाळून गेली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बाई हातची जाईल. तिला मूलबाळ न्हाय. मग कोण करणार? मीच. सकाळी माझ्या घरचं उरकायचं, डबा घेऊन तिच्या दारात जायचं, परत येऊन माझ्या मागाला बसायचं. पाय नुसते ओढत चालायची मी. वाटेत भेटंल तो इचारायचा, "वहिनी कशी हाय?" मी म्हणायची, "तशीच." लई कंटाळा आलता त्या उत्तराचा.

माझी लेक रचना कॉलेजात इतिहास शिकती. त्या दिवशी सकाळी ती मोठ्यानं वाचत बसलेली, तिकडं अमेरिकेच्या जंगलात राहणाऱ्या इरोक्वॉय लोकांचं. झाडाच्या सालीची लांबलचक घरं, एकेका घरात कितीतरी चुली, आणि घर बायकांचं.

"बरं हाय की," म्हटलं मी. "आमच्या वाट्याला निस्ती भांडी."

"आई, ऐक की. त्यांच्यात मोठं माणूस गेलं की दुसऱ्या बाजूची, दुःख नसलेली मंडळी येतात. शिंपल्याच्या मण्यांच्या माळा धरून म्हणतात, आम्ही तुझे डोळे पुसतो, तुला दिसू दे. कान मोकळे करतो, ऐकू येऊ दे. गळा मोकळा करतो, बोलता येऊ दे."

"एवढ्यानं बोलत्यात व्हय माणसं?" मी तिच्यावरच डाफरले. डोकंच उठलेलं माझं. पण डबा भरताना तेच मनात घोळत राहिलं. म्हटलं, दुसऱ्या बाजूचं म्हंजे आपणच की, आपलं घर दुसऱ्या गल्लीत. सगळं करून झालंय, हेबी करून बघू.

वहिनी मागाजवळ भिंतीला टेकून बसलेली. पदराचं टोक भिजवून मी तिचं डोळं पुसलं. कानावरचं केस मागं सारलं. पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावायला गेले, तर माझ्याच्यानं तो धरवला न्हाय आणि पाणी तिच्या अंगावर सांडलं. तवा तिनं वर बघितलं. तांब्या माझ्या हातातनं काढून खाली ठेवला. माझाच वला पदर धरून तिनं माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसत्यात तसं, जोर लावून.

"मंगल, आधी तू रड गं," ती म्हणाली. आवाज पार बसलेला. "माझा नवरा गेला म्हणून सगळी गल्ली आली. तुझा भाऊ गेला, तुला कुणी इचारलं?"

मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि अण्णा गेल्यापासनं पहिल्यांदा रडले.

रडून दमले तवा वहिनीनं डबा उघडला. भाकरी मोडून एक घास माझ्या तोंडात घातला आणि एक आपल्या.