राखेवरच्या तीन रेघा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, प्रकार लिहीत होतो. करडं बीड, पांढरं बीड... तिसरा प्रकार लिहायचा राहिला. फोन महानंदाचा, अप्पांच्या मुलीचा. "दादा, अप्पा गेले. सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत..." पोरं वह्या उघड्या ठेवून माझ्याकडं बघत होती. परभणीच्या या पॉलिटेक्निकात मी अठरा वर्षं हाच धडा शिकवतोय, आणि दरवर्षी पांढऱ्या बिडापाशी आलो की मी खडू ठेवून पाणी प्यायला बाहेर जातो. मास्तरांना खडूची ॲलर्जी आहे, असं पोरांना वाटतं. त्या दिवशी खडू ठेवून दिला आणि गंगाखेडची एसटी धरली.

मी पोहोचलो तेव्हा अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्यांच्या लिंगायत समाजात मांडी घालून, बसवूनच माती देतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले, गळ्यात लिंग. वेल्डिंगला बसताना ते लिंग बनियनच्या आत सारायचे. आज ते बाहेर होतं, एवढाच काय तो फरक. माती लोटायची माझी पाळी आली तेव्हा मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, गुरूसारखा माणूस गेला म्हणून रडतोय. महिना उलटून गेला त्याला. अप्पांबद्दल चांगलं सांगणारे गंगाखेडात पुष्कळ आहेत. मला त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी फक्त मलाच माहीत आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मन्मथअप्पांचं दुकान स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. एक जुना लेथ, कोळशाची भट्टी, गॅसची नळकांडी आणि कोपऱ्यात राखेनं भरलेलं लोखंडी पिंप. डिप्लोमा करून मी दोन वर्षं नोकरीसाठी हिंडलो आणि मग त्यांच्याकडं चिकटलो. चार वर्षं राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर चार तुकडे टाकले आणि म्हणाले, "इंजिनेर, यातलं लोखंड कोणतं?" मी म्हणालो, चारी. अप्पा हसले. "चार भाऊ म्हण. आई एक, पण सोभाव चार." मग एकेक तुकडा ग्राइंडरला लावून दाखवला. पोलादाच्या ठिणग्या लांब, फुलबाजीसारख्या फुटत गेल्या. बिडाच्या आखूड, तांबूस, दगडाजवळच विझणाऱ्या. हातोडीनं वाजवलं तर पोलाद घंटेसारखं बोलायचं आणि बीड मडक्यासारखं. बिडावर कानस फिरवून त्यांनी माझा अंगठा त्या भुकटीत दाबला. अंगठा काळा झाला. "ह्येच्या पोटात काजळ हाय. त्या काजळामुळं ते थरथर गिळतं, म्हणून लेथची बैठक बिडाची. पण त्याच काजळामुळं ओढलं की तुटतं. वरून किती बी दाब, सोसतंय. ओढ न्हाई सोसत."

पुस्तकात हे सगळं होतं. त्या काजळाला पुस्तकात ग्राफाइट म्हणतात, एवढंच. मी ते म्हणून दाखवलं की अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "बघा, आमच्या इंजिनेरला बिडाचं नाव, गाव, गोत्र सगळं पाठ हाय. निस्तं जोडायचं तेवढं राहिलंय." मोटरच्या पंख्याचं घर फुटलेलं, शिलाई मशीनचा पाय तुटलेला, पिठाच्या गिरणीची बैठक तडकलेली... पार पूर्णा, जिंतूरपासून माणसं बिडाचं तुटकं सामान पोत्यात घालून त्यांच्याकडं आणत. पोलाद कुणीही जोडतो. बीड जोडणारा जिल्ह्यात एकच, असं लोक म्हणायचे.

त्यांची रीत ठरलेली होती. तुकडा आधी भट्टीत लालसर होईपर्यंत तापवायचा, तशाच तापलेल्या अंगावर बिडाच्या दांडीनं सांधा भरायचा आणि भरून झाल्याबरोबर, वारा लागायच्या आत, गरम केलेल्या राखेत पुरायचा. वर राख लोटून सपाट करायची आणि तीन बोटं आडवी ओढायची, कपाळावर ओढतात तशी. तो तुकडा तिसऱ्या दिवशीच बाहेर. काम असो नसो, पिंपातल्या राखेवर त्या तीन रेघा कायम असायच्या. कुणी हात घातला की मोडणार आणि अप्पांना कळणार. "बिडाला सावकाश निवू द्यावं लागतं," ते म्हणायचे. "घाईनं निवलं की काजळाला बसायला टाइम मिळत न्हाई. मग ते पांढरं पडतं. दिसायला चांदी आणि मोडायला काच."

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी भानुदासराव आले. नदीपलीकडं त्यांचं गुऱ्हाळ होतं. चरकाच्या रोलरची एका बाजूची बैठक तडकली होती. ऊस तोडून पडलेला, काहील चुलाण्यावर, माणसं हातावर हात ठेवून बसलेली. अप्पांनी लगेच भट्टी पेटवली. शेवटचा सांधा भरत आला तेवढ्यात पूर्णेहून निरोप आला की त्यांचे मेहुणे वारले. माती संध्याकाळच्या आत व्हायची होती आणि गाडीला अर्धा तास होता. अप्पांनी सांधा पुरा केला, गॅस बंद केला, चष्मा माझ्या हातात दिला. "इंजिनेर, आता ह्या मिंटाला राखेत. परवा काढायचं. भानुदासराव किती बी बोंबलू देत." आणि ते गेले.

आता जे लिहितोय ते मी आजवर घरातही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीला माझी मुलाखत होती, याच पॉलिटेक्निकातली. अप्पांना मी सांगितलंही नव्हतं. राख गरम करायची, तुकडा पुरायचा, परवा परत येऊन काढायचा, घासायचा, बसवायला जायचं... माझ्या डोक्यात सहाची एसटी होती. भानुदासराव स्टुलावर बसून सारखे म्हणत होते, "परवापर्यंत रस आंबंल की रं! तू तर शिकलेला हाईस, काहीतरी कर." शिकलेला हाईस... एवढं पुरलं मला. मी तो लाल तुकडा फरशीवर ठेवला आणि दुकानातला उभा पंखा त्याच्याकडं वळवून लावला. बिडावर पंखा! तासाभरात हात लावण्याइतकं निवलं. सांध्यावर कानस फिरवली तर ती चावेना, काचेवरून सरकावी तशी सरकत होती. नवी कानस, दात बोथट झाले. याचा अर्थ काय, हे मला कळत होतं. परीक्षेत त्यावर मी पूर्ण गुण घेतले होते. कानस खाली ठेवली, ग्राइंडरनं वरवर साफ केलं आणि तुकडा भानुदासरावांच्या हवाली केला. ते आशीर्वाद देत गेले. मी सहाची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चालत्या चरकात ती बैठक मोडली. रोलर खाली आला. ऊस घालायला त्या वेळी खुद्द भानुदासराव बसले होते. डावा पाय घोट्यापासून चिरडला.

मुलाखत आटोपून मी परतलो तेव्हा गावात एकच बोलणं होतं... अप्पाचा जोड सुटला. मी दुकानाला कुलूप लावून घरात बसून राहिलो. अप्पा आले तिसऱ्या दिवशी. आधी दुकानात शिरले, मग दवाखान्यात गेले. मी त्यांच्या मागं उभा होतो. भानुदासराव खाटेवरून म्हणाले, "अप्पा, तुमच्या हातावर भरवसा ठेवला होता मी." अप्पांनी हात जोडले. "चुकलो," म्हणाले. एवढा एकच शब्द. मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंसुद्धा. पण डोक्यात आलं की पोलीस येतील, चौकशी होईल, नोकरी जाईल... आणि ते उघडलेलं तोंड मी मिटलं. आठवडाभरात नेमणुकीचं पत्र आलं. अप्पांना पेढा द्यायला गेलो. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा मला भरवला. "पोरांना बीड शिकवशील न्हवं? नीट शिकव."

त्यानंतर अप्पांनी बिडाचं काम घेतलं नाही. लांबून माणसं पोती घेऊन यायची आणि अप्पा म्हणायचे, "बंद केलंय." फाटकं, खिडक्या, पलंगाचे पाय यांवर राहिलेली वर्षं काढली. अप्पाचा हात गेला, असं लोक म्हणायला लागले. ते मी कानांनी ऐकलं आहे, चहाच्या टपरीवर, आणि कप खाली न ठेवता ऐकलं आहे. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन दुकानात जायचो, पिंपापासून दोन हातांवर स्टूल ओढून बसायचो. निघताना ते दरवर्षी एकच सांगायचे. "इंजिनेर, जाता जाता राखेला ओल आली का बघतोस का जरा?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या खेपेला बघतो, अप्पा." "बरं," ते म्हणायचे. गेल्या दिवाळीलाही हेच बोलणं झालं. तेच शेवटचं. बिडाचं काम बंद केलेला माणूस राख कशाला सांभाळतो, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, असं आता म्हणतो.

अप्पा गेल्यावर पंधरा दिवसांनी महानंदानं बोलावलं. दुकान आवरायचं होतं. लेथचं तेल पुसून झालं, नळकांडी परत गेली. मी पिंपाकडं पाठ करून उभा होतो. ती म्हणाली, "एवढं तुमी करा दादा. अप्पांनी त्याला कुणाला हात लावू दिला न्हाई. म्हणायचे, इंजिनेर येईल तवा तोच उघडील."

झाकण काढलं. राख कोरडी, चाळलेली, आणि वर तीन रेघा. अप्पांच्या बोटांची जाडी मला ओळखू येते. मधलं बोट जरा खोल जायचं. मग हात घातला. कोपरापर्यंत राखेत गेल्यावर बोटांना गार काहीतरी लागलं. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला बिडाचा तुकडा आणि त्याच्यासोबत एक कानस. तुकड्याचं मोडलेलं तोंड मूळच्या बिडात काळसर करडं होतं आणि सांध्याच्या कडेनं बोटाएवढी पट्टी, अजून चांदीसारखी पांढरी. कानशीचे दात मधेच एका जागी गेलेले. तो तुकडा अप्पांनी गुऱ्हाळावरून कधी आणला कोण जाणे. पण पूर्णेहून आल्या आल्या त्यांनी दुकानात जाऊन काय बघितलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. आपल्या हाताच्या तीन रेघा, न मोडलेल्या, म्हणजे तुकडा राखेत गेलाच नव्हता. दवाखान्यात "चुकलो" म्हणाले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

मी महानंदाला सांगितलं, सगळं. "तरीच," ती म्हणाली. "मी त्या टायमाला विचारलं होतं, अप्पा, तुमचा जोड सुटलाच कसा? तर म्हणाले, दुकान माझं, भट्टी माझी, माणूस बी माझाच. मग चूक कुणाची?"

दुसऱ्या दिवशी तो तुकडा पिशवीत घालून मी नदीपलीकडं गेलो. भानुदासराव आता सत्तरीचे. गुऱ्हाळ कधीच मोडलं. अंगणात बाजेवर बसले होते, शेजारी काठी. मी तुकडा त्यांच्यापुढं ठेवला आणि थांबलो नाही, थांबलो असतो तर परत फिरलो असतो. बोलून झालं तेव्हा ते त्या पांढऱ्या पट्टीवर अंगठा फिरवत होते.

"पंखा?" ते म्हणाले.

"हो. पंखा."

"पायाचं सोड. घाई मी बी केली होती, मी बोंबललो होतो." मग आवाज चढला. "पण अठरा वर्षं त्या माणसाच्या दुकानावरून गेलो मी, काठी टेकीत. तो उठून उभा राहायचा. हात जोडायचा. आणि मी तोंड फिरवून पुढं जायचो. गेला तर मातीला बी गेलो न्हाई. ह्ये कुणी करायला लावलं मला? त्यो जिता होता तवा तुला तोंड नव्हतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मग आता मला एकट्याला सांगून सुटायलास व्हय? पेपरात लेख लिहितोस न्हवं तू? लिही. ज्यानं ज्यानं अप्पाचा हात गेला म्हणलं, त्या समद्यांना वाचू दे." तुकडा त्यांनी माझ्याकडं सरकवला. "आणि ह्ये घेऊन जा. माझ्या घरात नको."

म्हणून हे लिहिलं. मन्मथअप्पांचा जोड सुटला नव्हता. त्यांचा जोड कधीच सुटला नाही.

परत येताना दुकानात गेलो. महानंदानं किल्ली दिली, आत आली नाही. शेड रिकामी, लेथच्या जागी फरशीवर फक्त तेलाचा डाग. तुकडा पुन्हा फडक्यात गुंडाळला, कोपरापर्यंत हात घालून खाली ठेवला, त्याच्या अंगाला कानस ठेवली. राख लोटली, तळहातानं सपाट केली. सवयीनं तीन बोटं पुढं गेली... आणि वरच थांबली. त्या रेघा अप्पांच्या हाताच्या, मी ओढल्या नाहीत. राख तशीच कोरी ठेवली, झाकण लावलं आणि बाहेर आलो.