तारेच्या जागी आकाश

दत्ताराम गेल्याचं मला पेडण्याच्या विश्रामने फोनवर सांगितलं. एके काळी याच विश्रामचं तोंड बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं... तोही आमच्याच धंद्यातला, आणि धंदाच तसा.

डिचोलीत एका हार्डवेअरच्या दुकानावर दत्ताची आणि माझी खोली होती. आत संगणक, खाली खनिजाचे ट्रक. यंत्रांच्या पंख्यांतून सदा तांबडी धूळ निघायची. परदेशी सिनेमात नट तारेला लटकून उडतो. ती तार चित्राचित्रातून पुसायची आणि तिथे मागचं आकाश भरायचं, हे आमचं काम. मी सुरुवातीलाच तारेबरोबर एका नटाचा कान पुसला. दत्ताने मला तिथून उठवून पत्रव्यवहारावर बसवलं. "तूं फकत इंग्लीश उलय. हांगा हात लावूं नाका."

एका बड्या परदेशी कंपनीने नमुना मागितला. फुकट. ज्याचा नमुना सरस, त्याला अख्खा सिनेमा, शिवाय शेवटी पडद्यावर नाव. नावाचं ऐकून दत्ता विरघळलाच. पेडण्यातल्या त्याच्या आईला वाटायचं, झील दिवसभर संगणकावर खेळतो. "आवयक एकदां नांव दाखयतां," म्हणायचा. तार नटीच्या उडत्या केसांतून गेलेली. त्याने केस न् केस नव्याने रेखला. नमुना गेला त्याच दिवशी मी बाजारात पेढे वाटून मोकळा! उत्तर आलं, काम दुसरीकडे दिलंय, आभार. विश्रामनेच ओढलं, मी ठरवून टाकलं. म्हापशाच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसला, तर मी उठलो आणि म्हापशापर्यंत लोंबकळत गेलो.

सिनेमा लागला तसे आम्ही विश्रामच्या चुका काढायला गेलो. पुढच्या रांगेत खुद्द विश्राम! नटी उडाली आणि दत्ताने माझं मनगट आवळलं. त्याचेच केस. पुढच्याच दृश्याला विश्राम ताडकन उठला, "हें म्हजें!" वळून बघतो तर आम्ही.

"काम तुमकां मेळ्ळें न्ही?"

"आमकां? आमकां दिसलें तुका!"

आम्हाला वाटलेलं त्याला मिळालं, त्याला वाटलेलं आम्हाला. कुणालाच मिळालं नव्हतं. प्रत्येकाला वेगळा तुकडा नमुना म्हणून देऊन कंपनीने ते उड्डाण फुकटात करून घेतलं होतं. शेवटी नावं सरकू लागली. स्वयंपाकी, ड्रायव्हर, कुत्रा सांभाळणारा... थिएटर झाडायला माणूस येईपर्यंत दत्ता खुर्चीतून हलला नाही. मला शिसारी आली, अजून येते. त्यांची तर येतेच. पण एकमेकांचे पाय ओढत त्यांच्या दारात रांग लावणाऱ्या आमची जास्त. पुढेही नमुन्याची पत्रं यायची. दत्ता ती न वाचताच उडवायचा. "पुसपाक आमकां बरें येता न्ही?"

परवा त्याच्या आईकडे गेलो. "ताचें काम दाखय रे," मावशी म्हणाली. मी मोबाइलवर ते दृश्य लावलं. तिने डोळे बारीक करून त्यात त्याचं काम शोधलं.

"हांगा कितेंच ना मरे."

"तेंच गे मावशे. थंय तार आशिल्ली."

"खंय?"

मी केसांपासून वर आकाशापर्यंत बोट फिरवलं. माझ्या बोटाचा डाग काचेवर उमटला. तो तिने पदराने पुसला आणि मोबाइल माझ्याकडे सरकवत म्हणाली, "परत लाय."