उसना दिलेला मीटर

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा निळसर धूर मिसळला की एक किंचित गोड, किंचित जळकट वास दरवळत राहतो, आणि माझ्या लेखी तोच माझ्या उभ्या संसाराचा वास आहे. ज्या मोटारसायकलचा तो वास, तिचं नाव मी इथे घेणार नाही. नाव घेतलं की जुन्या गाड्यांची ही वेडी मंडळी लगेच वर्ष विचारतात, वर्ष सांगितलं की चेसिस नंबर विचारतात, आणि बाईला काय सांगायचं होतं ते बाजूलाच राहतं.

माझा नवरा सुधीर त्याच मंडळींतला. दर रविवारी सकाळी अर्नाळ्याच्या सुरूंखाली त्यांच्या गाड्या एका रांगेत उभ्या राहत, क्रोमवर ऊन चमचमत असे, आणि समुद्राकडे पाठ करून ही शहाणीसुरती माणसं एखाद्या स्क्रूच्या डोक्यावरून तासन्‌तास हुज्जत घालत. ज्या दांडीने किक मारायची तीच पुढे वळवली की गिअर होतो, ही युक्ती सुधीर नव्या माणसाला समजावून सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा उजळून निघे. कोणत्या वर्षी टाकीवरच्या रबराची नक्षी बदलली हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं; लेक कोणत्या तुकडीत आहे हे मात्र मला विचारावं लागे. मी थर्मास घेऊन बसलेली असायची. माझ्याशी बोलायला कुणाला सवड नसे, आणि मलाही त्याचं फारसं काही वाटत नसे, कारण जाता-येतानाचा रस्ता तेवढा आमचा असे.

घरात आम्ही कधी फारसं बोललोच नाही. जे बोललो ते गाडीवर, आणि त्यातलंही निम्मं वाऱ्याने नेलं. मनवेलपाड्याच्या चाळीतून नवी नवरी म्हणून याच गाडीवर बसून मी विरार पाहिलं; पहाटे कळा सुरू झाल्या तेव्हा याच गाडीवर, ओठ दाबून, दवाखान्यात गेले. आई भिवंडीच्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होती तेव्हा कामणच्या रस्त्याने, गोदामांच्या ट्रकांची धूळ खात, आम्ही रोज जात होतो. समोर काय वाढून ठेवलंय ते बघवत नसे, म्हणून मी सुधीरच्या खांद्यावरून हेडलाइटवरचा मीटर बघत राही. त्याच्या छोट्याशा खिडकीतला शेवटचा आकडा सरकण्याआधी जरासा थरथरायचा. आमचा सगळा प्रवास तिथे साठत जात होता, आणि तो मोजणारी मी एकटीच होते.

या मंडळींत एक रीत आहे. प्रदर्शनात गाडी अस्सल ठरावी म्हणून ज्याच्याकडे जो भाग त्या वर्षाचा असेल तो त्याने दुसऱ्याला उसना द्यायचा. ना चिठ्ठी, ना साक्षीदार, शब्दावर सगळं. गिरीजच्या पास्कलभाऊंच्या गाडीला नंतरच्या वर्षाचा मीटर होता, म्हणून गेल्या कार्तिकात सुधीरने आपला काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यानंतर पंधरवड्यातच सुधीर गेला. झोपेतच. पास्कलभाऊंनी खांदा दिला, स्मशानात लहान मुलासारखे रडले. बाकीच्यांपैकी दोघांनी तेराव्याच्या जेवणानंतर हात धुता धुता मला सांगितलं, "वहिनी, गाडी द्यायची झाली तर आधी आम्हाला सांगा." त्या दिवशी मला त्या सगळ्या जमातीचीच किळस आली.

आचोळ्याच्या आमच्या इमारतीखाली गाडी झाकून उभी होती, आणि हेडलाइटवर मीटरच्या जागी भोक. मी खाली जाऊन कापड उचलायची, त्या भोकातून लोंबणाऱ्या वायरीकडे बघायची आणि परत यायची. मला गाडी चालवता येत नाही, चालवायचीही नव्हती. मला तो आकडा हवा होता. तो पूर्ण असा मला पाठ नव्हता, कुणी कुठे टिपलेलाही नव्हता. मी फोन करी आणि पास्कलभाऊ म्हणत, "थोडं थांबा वहिनी, काम चाललंय त्याच्यावर." गणपती आले-गेले, पुन्हा कार्तिक लागला. मीटर त्यांनी गिळला, असं मी लेकीजवळ स्पष्ट बोलून दाखवलं.

शेवटी एकदाचे ते आले. मऊ फडक्यात गुंडाळलेला मीटर त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. कडा लखलखत होती, तबकडी नव्याने रंगवलेली, काटा दुधासारखा पांढरा. आणि खिडकीत एका ओळीत नुसती शून्यं.

"आधीचा आकडा?" मी विचारलं.

"तो कशाला, वहिनी? चाकं फिरवून शून्यावर आणली. सुधीरच बोललेला, देतानाच. 'प्रदर्शन झालं की नवा करून घे, गाडी कंपनीतून निघाली तशी मला बघायचीय.' चांगला कारागीर मिळेना म्हणून वर्ष गेलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्यावर ओरडायला मी वर्षभर शब्द जमवले होते, त्यातला एकही वापरता आला नाही. संताप आला तो सुधीरचा, आणि तो ऐकायला घरात नव्हता. पुढे बसणाऱ्याला ते सगळं अंतर म्हणजे नुसती झीज वाटत होती, मिटवून टाकण्याजोगी. मी वर्षभर राखण केली ती नक्की कुणाच्या संसाराची, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

पास्कलभाऊंच्या मागोमाग मीही खाली गेले; त्यांनी मीटर बसवला, किक मारली, गाडी सुरू झाली. गच्चीपर्यंत धूर गेला. त्यांनी हौसेने विचारलं, वहिनी, बसता का, एक फेरी मारू. मी म्हटलं, तुम्हीच घेऊन जा ती, कायमची. त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. वहिनीचं मन फार मोठं, असं आता ते सगळ्यांना सांगत असतात. मीही कुणाला खरं काय ते सांगायला गेले नाही.