धृपद नसलेलं गाणं

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत होणाऱ्या आमच्या दंडारीची, त्या नाचगाण्याच्या खेळाची, गाणी आमचा शाहीरच रचायचा. तो ओळ म्हणायचा आणि मागे उभे आम्ही झीलकरी धृपद उचलायचो. दुसऱ्या महायुद्धात तो शिपाई म्हणून दोन वर्षं इटलीत राहून आला, आणि त्याच्या गाण्यांत धृपदच उरलं नाही.

“मंग आमी मांगं कायले उभं राहावं गा?” तालमीत मी विचारलं.

“तिकडं येक बुढी जैतुनाच्या झाडाखाली गाये,” तो म्हणाला. “पोरं लढाईत मेले. तिच्या मांगं झील धराले कोनी नव्हता. मले आता तसंच सुचते.”

यंदा मंडईत आम्ही जुनीच गाणी म्हटली. तो आला नाही.

हल्ली तो तळ्याच्या पाळीवर एकटाच गातो. मी बांधावरून ऐकतो. प्रत्येक ओळीनंतर तो थांबतो, आमचं धृपद बसेल एवढा वेळ.